साखरेच्या जागी हातोडी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुर्धा गावातून सासऱ्यांच्या मित्राचा, काशिनाथकाकांचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या गोदामात मालाची मोजणी करत होते. हातात यादी होती आणि बोट बत्तिसाव्या ओळीवर होतं. "सूनबाय, बिगीन ये. आप्पा बसल्या जाग्याव गेला," एवढंच ते म्हणाले. रिक्षाने पोचायला पन्नास मिनिटं लागली. डॉक्टर येऊन गेले होते. काशिनाथकाकांच्या पडवीत, आपल्याच बाकाशेजारी चटईवर आप्पा झोपल्यासारखे होते. मी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग, खोटं कशाला सांगू, कपाटाकडे पाहिलं. सगळे खण बंद होते. बाकावर एकही हत्यार नव्हतं. काकांनी चहा आणला होता, तो स्टुलावर तसाच राहिला होता. ते म्हणाले, "च्या आला बोललो तं पयले हत्यारा जाग्याव ठेवली. मंग बसला. मी बशी द्यायला वलालो नि..." त्यांनी चटईकडे हात केला. आप्पांचं वय एक्याऐंशी होतं. सहा आठवडे झाले या गोष्टीला. भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले, सुटले बिचारे, डोळ्यांनी फार हाल झाले. मी तेव्हा मान डोलावली. पण ते खरं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आप्पा माझे सासरे. कुर्ल्याच्या एका कारखान्यात ते लाकडी साचे करायचे. यंत्राचा भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, आणि लाकूड केसभर चुकलं तर लोखंडही चुकतं. त्यामुळे घरातही त्यांचं 'साधारण' कधी नसायचं. चाळीस वर्षांपूर्वी परळच्या खोलीतून ते शांती नगरला आले तेव्हा आजूबाजूला इमारती कमी आणि चिखल जास्त होता. नव्या घरात फर्निचरची एकही वस्तू विकत आणली नाही. कारखान्यात परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांचं देवदार आणि थोडं उरलंसुरलं सागवान यांतून रविवारी रविवारी त्यांनी सगळं घरीच केलं. स्वयंपाकघरातलं कपाट, सासूबाईंचं ड्रेसिंग टेबल, बाहेरच्या खोलीतलं शोकेस आणि बारा वर्षांच्या महेशसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, अभ्यासाचं टेबल. कपाट सहा फूट दोन इंच उंच, चार फूट एक इंच रुंद. चौदा कप्पे, खाली सहा खण. लग्न होऊन आल्यावर मी विचारलं होतं, हा एक इंच कशाला? आप्पा म्हणाले, "भिंत चार फूट दीड इंच होती. अर्धा इंच हवेला सोडला." हिशेबाला पक्का माणूस मला लगेच ओळखू येतो. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तरीही ते कपाट घराबाहेर काढलं ते मीच. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, खण ओढताना माझा खांदा दुखायचा, आणि सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या बहिणीकडे नवं मॉड्युलर किचन झालं होतं. मीही मापं घेतली, नकाशा काढला, महेशला दाखवला. आप्पांना सांगायची जबाबदारी त्याने माझ्यावर टाकली. आप्पांनी मापं माझ्याकडून वाचून घेतली, नकाशावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ओट्याची उंची एक इंचाने कमी कर, तुझा खांदा दुखणार नाही." कपाटाबरोबर आप्पांनी केलेलं बाकीचं फर्निचरही काढायचं ठरलं. भंगारवाल्याने चारही वस्तू बघितल्या, लाकूड ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, ये तो चूल्हे में भी देर से जलेगा." तेव्हा आप्पा खुर्चीतून म्हणाले, "मग चांगलंच आहे की. काशिनाथची पडवी रिकामी आहे, तिकडे ने म्हणावं टेम्पो."

त्यांच्या मनात काय होतं ते त्या संध्याकाळी कळलं. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू होता. उजवा गेलाच होता, डाव्यात धूसर उजेड उरला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन करायचं ते उरलेलं टिकवायला. निवृत्तीनंतर आप्पा बाल्कनीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाट, पोळपाट, स्टुलं करून द्यायचे. ते आता बंद करा, असं मी आणि महेश दोघंही सांगत होतो. पटाशीची धार आणि आंधळा हात, ही काय जोडी झाली? आप्पांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्यांची अट सांगितली. मुर्ध्यात, काशिनाथकाकांच्या पडवीत, ते आपल्या हत्यारांची जागा लावणार. "काम माझे हात करतील, त्याची काळजी नको. हत्यार सापडलं पाहिजे. ज्या दिवशी 'रंधा कुठे आहे' म्हणून दुसऱ्याला विचारावं लागेल, त्या दिवशी मी बंद करीन. तुम्ही सांगायची गरज नाही." महेश म्हणाला, "आणि मग दिवसभर काय करणार?" आप्पा म्हणाले, "ते तूच सांग. नुसतं बसायचा तुला जास्त अनुभव आहे." महेशला खिळा ठोकायला सांगितला तर तो आधी भिंतीची परवानगी मागेल, असं ते नेहमी म्हणायचे.

ऑपरेशनसाठी ते चार दिवस दवाखान्यात आणि मग तीन आठवडे घरी होते. तेवढ्यात मी ठरवलं की पडवी आपणच लावून ठेवू, म्हणजे त्यांना तयार मिळेल. चौदा वर्षं मी गोदाम सांभाळते आहे. माल कसा लावायचा ते मला कोणी शिकवायला नको, असं मला वाटत होतं. दोन रविवार मी आणि महेश मुर्ध्याला गेलो. एकशे सतरा हत्यारं मोजली, पुसली. हातोड्या एकत्र, पकडी एकत्र, कानशी एकत्र, प्रत्येक प्रकारात लहानापासून मोठ्यापर्यंत. डाव्या डोळ्याला मोठी अक्षरं दिसतात म्हणून प्रत्येक कप्प्यावर दोन इंची काळ्या अक्षरांत चिठ्ठी. काम इतकं नेटकं झालं होतं की मी फोटो काढून ऑफिसात दाखवला.

आप्पा आले. कपाटावरून हात फिरवला आणि खूश झाल्यासारखे दिसले. मग रंधा शोधायला लागले. चिठ्ठी वाचायची तर कपाटाला नाक लावावं लागत होतं. एक कप्पा, दुसरा, तिसरा... मी "उजवीकडे" म्हणायला तोंड उघडलं, तर काशिनाथकाकांनी माझा हात दाबला. घड्याळ माझ्या हातावर होतं म्हणून आकडा सांगते. वीस मिनिटांत त्यांना तीन हत्यारं सापडली. चौथ्याला पटाशीची धार अंगठ्याला लागली. रक्त फार नव्हतं. त्यांनी रुमाल गुंडाळला, अभ्यासाच्या टेबलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "वैशाली, गोदाम सुरेख लावलंयस. पण हे तुझं झालं. माझं काम बंद." माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस ते मुर्ध्याला गेले नाहीत. रेडिओ लावायचे, बंद करायचे. जेवताना मीठ मागायचे नाहीत, कमी असलं तरी तसंच जेवायचे. मी चूक शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती, कारण माझ्या यादीत चूक नव्हती. नवव्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. आप्पा स्वतःचा चहा करायला आत आले. पातेलं ठेवलं, आणि सवयीने उजवा हात उचलून सरळ समोर नेला. तो फ्रीजच्या दारावर आपटला. "साखर इथे होती," ते पुटपुटले आणि हात खाली घेतला. मी म्हटलं, "आप्पा, हात परत वर करा." मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. जमिनीपासून बोटांपर्यंत चार फूट तीन इंच. जुन्या कपाटाची मापं माझ्या वहीत होतीच. साखरेच्या कप्प्याची फळी चार फूट तीन इंचांवर होती. मी विचारलं, "मीठ कुठे होतं?" त्यांनी हात डावीकडे नेला. "तूरडाळ?" हात खाली. "हिंग?" ते किंचित हसले, "वर, कोपऱ्यात, मोहरीच्या मागे. सारखं पडायचं." चौदापैकी चौदा कप्पे. हवेत, नव्या किचनमध्ये, जिथे त्यातलं काहीही उरलं नव्हतं. पोळी तव्यावर करपली, तेवढं नुकसान झालं.

मग आप्पा स्टुलावर बसून सांगायला लागले. कपाट त्यांनी केलं होतं, पण सामान सासूबाईंनी लावलं होतं, आणि एकतीस वर्षांत त्यांनी एकही डबा एका कप्प्यातून दुसऱ्यात नेला नाही. त्यांच्यानंतर सहा वर्षं मीही नेला नव्हता. भक्तीने नव्हे, आळसाने. म्हणजे सदतीस वर्षं या घरातल्या चार माणसांचे हात एकाच नकाशावर चालत होते. आप्पा म्हणाले, "तू हत्यारं हत्यारांसारखी लावलीस गं. ती किराण्यासारखी लावायला पाहिजेत."

दुसऱ्याच दिवशी आम्ही मुर्ध्याला गेलो. मी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. आप्पा अभ्यासाच्या टेबलावर बसून सांगत होते, मी ठेवत होते, काशिनाथकाका मध्ये मध्ये नाक खुपसत होते. रोज लागणारं मीठ, तिथे पेन्सिल आणि फूटपट्टी. तूरडाळीच्या मोठ्या कप्प्यात पटाश्या. तांदळाच्या जागी रंधे. मोहरीच्या जागी बारीक खिळे. हिंगाच्या कोपऱ्यात लाकूड चिकटवायचा सरस, कारण दोन्हींना वास आणि दोन्ही लागतात चिमूटभर. साखरेच्या जागी छोटी हातोडी, "हात सगळ्यात जास्त वेळा तिथे जातो म्हणून". सगळ्यात खालचा खण विळीचा होता. त्यात करवती. मी म्हटलं, धारेचं सामान खाली नको, वाकून घेताना लागेल. आप्पा म्हणाले, "त्या खणात हात कसा घालायचीस?" मी खरोखर हात घालून पाहिला. माझी बोटं आपोआप मिटली आणि हात कडेकडेने आत गेला. पंचवीस वर्षं विळी काढलेला हात होता तो. करवतीचं एक टोकही लागलं नाही. मी करवती त्याच खणात ठेवल्या.

बाकीचं काम त्यांनी स्वतः केलं, दोन महिने, नुसत्या स्पर्शाने. खणांच्या तळाशी लाकडाच्या पट्ट्या बसवून प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा केला. हातोडी हातोडीच्याच खळग्यात बसणार, पकड तिथे बसणारच नाही. कारखान्यात चौतीस वर्षं जे केलं तेच होतं, फक्त साचा आता हत्याराचा होता. खण घासत होते त्यांना मेण लावलं. फळ्यांच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी मारली, काही घरंगळू नये म्हणून. शोकेसच्या काचा काढून त्यात लाकूड ठेवलं. ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून त्या चौकटीत फळी बसवली आणि तिला खुंट्या ठोकून नटबोल्टचे पाने टांगले. आरसा काढताना काशिनाथकाका म्हणाले, "आता तोंड कशात बघशील?" आप्पा म्हणाले, "बत्तीसपैकी सव्वीस दात गेलेत. बघून भांडण कुणाशी करू?" टिकल्या आणि पिनांच्या तीन छोट्या खणांत स्क्रू गेले. महेशच्या अभ्यासाच्या टेबलाचा कामाचा बाक झाला. त्यावर त्याने कंपासने कोरलेलं स्वतःचं नाव अजून आहे. आप्पा त्यालाच टेकवून लाकूड पकडायचे. म्हणायचे, अभ्यासाला नाही, इथे तरी उपयोगी पडला.

मग मी परीक्षा घेतली. घ्यायलाच हवी होती. अट त्यांची होती आणि माझी चूक मला खोडायची होती. बारा हत्यारांची नावं कागदावर लिहिली, फोनवर घड्याळ लावलं. काका पायरीवर बसून तमाशा बघत होते. "सूनबाय, परीक्षा हाय का शर्यत?" मी म्हटलं, दोन्ही. नाव घेतलं की आप्पा वळत, हात जाई, हत्यार माझ्या हातात येई. गुण्या... छोटी कानस... गिरमिट... मध्ये एकदा ते थांबले. "मोठी पकड काशिनाथने घेतलीय," ते म्हणाले. काकांनी ओशाळून ती मांडीखालून काढली. बारापैकी बारा. दोन मिनिटं दहा सेकंद, काकांचा लबाडपणा धरून. आप्पांनी बाकावर थाप मारली आणि म्हणाले, "लाकूड आण."

त्यानंतर अडीच वर्षं ते काम करत होते. सकाळी नऊला महेश त्यांना स्कूटरवरून मुर्ध्याला सोडायचा आणि पुढे ऑफिसला जायचा. दुपारी चारला काका बसने घेऊन यायचे. माझ्या वहीत नोंद आहे: एकसष्ट पाट, एकेचाळीस स्टुलं, एकोणीस पोळपाट, दुरुस्त्या वेगळ्या. या काळात 'अमुक कुठे आहे' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. काकांनी एखादं हत्यार चुकीच्या कप्प्यात टाकलं तर मात्र पडवीत आवाज व्हायचा, "काशिनाथ, डाळीत खडा लागला रे." काका म्हणायचे, "निवडून खा की मंग."

शेवटचं मोठं काम होतं गावातल्या बालवाडीचं. चोवीस बैठी मेजं. काम कोण करणार ते कळल्यावर बालवाडीच्या बाई स्वतः पडवीत आल्या. चांगल्या बाई, पण स्पष्ट. त्या म्हणाल्या, "काका, रागावू नका. लहान मुलं आहेत. तुम्हाला दिसत नाही, कुठे लाकडाचा सल राहिला तर त्यांच्या बोटांत जाईल." मी आणि काका एकमेकांकडे बघायला लागलो. आप्पा म्हणाले, "बाई, दिसणाऱ्याला कड दिसते. मला ती लागते." आणि चहाच्या डब्याच्या जागेवरून कापसाचा एक बोळा काढून त्यांच्या हातात दिला. "मेजं झाली की हा प्रत्येक कडेवरून फिरवा. एक धागा अडकला तरी ते मेज परत." पाच आठवड्यांनी बाई आल्या. चोवीस मेजं, प्रत्येकाच्या चार कडा, चार पाय, खालची बाजूसुद्धा, सगळीकडून त्यांनी कापूस फिरवला. पाऊण तास लागला. आप्पा बाकावर ताठ बसले होते, कान कापसाकडे. शेवटी बाईंनी बोळा उलटसुलट करून पाहिला, तर तो नुसता मळला होता. त्यांनी आप्पांच्या पायांना हात लावला. आप्पा म्हणाले, "मोजून घ्या. चोवीस आहेत ना?" हे ते जाण्याच्या नऊ दिवस आधीचं.

दहाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी मुर्ध्याला जाऊन मोजणी केली. एकशे सतरापैकी एकशे सतरा, प्रत्येक आपापल्या खळग्यात. त्यांनी घातलेली अट त्यांनी शेवटच्या चहापर्यंत पाळली होती. सुटले बिचारे म्हणणाऱ्यांना मला हे दाखवायचं होतं.

काकांनी विचारलं, या सगळ्याचं काय करायचं? महेश म्हणाला, बघू. गेल्या शनिवारी काकांचा निरोप आला की बालवाडीतल्या एका मेजाचा पाय हलतोय, मुलं त्यावर उभी राहिली होती. मला वाटलं महेश कुणा सुताराचा नंबर शोधेल. त्याने सरळ स्कूटर काढली. तासाभराने त्याचा फोन आला. मी किचनमध्ये होते. पलीकडून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. "वैशाली, पाचर कापलीय, सरस लावलाय. ठोकायला छोटी हातोडी कुठे असते?"

"साखरेत," मी म्हटलं.

शाळेतून आला की तो कुठून चोरून साखर खायचा, ते सासूबाईंनी मला किती वेळा सांगितलं होतं... मग लाकडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज आला. "सापडली," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही, बाजूला ठेवला असावा, कारण ठोकण्याचा आवाज मला नीट ऐकू येत होता. आधी एक, घाबरत. मग सरळ, एकामागून एक. मी मोजत होते. अकराव्या ठोक्याला लक्षात आलं की माझा उजवा हात वर आहे आणि तळवा फ्रीजच्या दारावर टेकलेला आहे. टेप आणायची गरज नव्हती. चार फूट तीन इंच.